खटखट, खडखड, घरघर

बोस्टनच्या डब्ल्यूबीयूआर या रेडिओ केंद्राने १९७७ साली गाड्यांच्या दुरुस्तीवर बोलायला काही मेकॅनिक बोलावले होते. आला एकच. त्याचं नाव टॉम मॅग्लिओझी. पुढच्या खेपेला तो धाकट्या भावाला, रेला, बरोबर घेऊन आला आणि मग दोघे भाऊ तिथून पस्तीस वर्षं उठलेच नाहीत. १९८७ पासून त्यांचा ‘कार टॉक’ नॅशनल पब्लिक रेडिओवरून अमेरिकाभर जाऊ लागला. १९९२ साली त्याला पीबडी पुरस्कार मिळाला. दर शनिवार-रविवारी लाखो लोक तो ऐकत. त्यातल्या निम्म्याअधिक लोकांना गाडीत काडीचा रस नसावा, असा माझा अंदाज आहे, मलाही नव्हता.

कार्यक्रमाची रीत अशी. कुणीतरी बाई फोनवर येते. तिची बारा वर्षांची व्होल्व्हो आहे, मेकॅनिक म्हणतो गिअरबॉक्स गेला, खर्च गाडीच्या किमतीएवढा, आता दुरुस्त करू की दुसरी जुनी गाडी बघू? एवढा साधा प्रश्न. पण दोघे भाऊ तिला प्रश्नापर्यंत पोचू देतील तर ना. आधी तिच्या नावाची चिकित्सा, स्पेलिंगची चेष्टा, गावाची चेष्टा, मग नवरा काय करतो, ही गाडी त्याने घेतली की तिने, मेकॅनिकचं लग्न झालंय का. मध्येच कुठल्या तरी सिनेमाचा विषय, मग आपल्याच रेडिओ कंपनीची टर. कार्यक्रम संपताना ते दर आठवड्याला सांगत, की ‘हा एनपीआर आहे’ असं आम्ही म्हटल्यावर अमुक अमुक प्रतिष्ठित वृत्तनिवेदकाच्या पोटात गोळा येतो. माझं बालपण आकाशवाणीवर गेलं. तिथे ‘पुन्हा प्रपंच’मधले टेकाडे भावजी घरातल्या सगळ्यांची फिरकी घेत, पण आकाशवाणीची कधी घेत नसत. स्वतःच्या केंद्राला हसणारा सार्वजनिक रेडिओ ही गोष्ट मला कितीतरी वर्षं कळलीच नाही.

एवढा धुडगूस घालून झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला ते बाईला अचूक सांगत, की गिअरबॉक्स गेलेला नाही, इंजिनचं माउंट तुटलंय, दुसरीकडे दाखव. दोघे एमआयटीचे पदवीधर. टॉम १९५८ चा, रे १९७२ चा. १९७३ साली त्यांनी केंब्रिजमध्ये एक गॅरेज काढलं. लोकांनी यावं, जागा आणि हत्यारं भाड्याने घ्यावीत, आपली गाडी आपण दुरुस्त करावी, अशी कल्पना. ती आतबट्ट्याची ठरली आणि पुढे त्याचं साधं गॅरेज झालं. हे सगळं ते रेडिओवर इतक्या आनंदाने सांगत, की नुकसानीत जाणं हाच मूळ उद्देश असावा असं वाटे.

आणि टॉमचं हसणं. ते वर्णन करून सांगता येत नाही. घोडा खिंकाळतो तसं सुरू व्हायचं, मग श्वास संपायचा, मग नुसती शिट्टी. स्वतःच्या विनोदाला तो इतरांच्या आधी हसे, जे आपल्याकडे असभ्य मानतात. माझ्या आईला तो माणूस अजिबात आवडला नाही. बाबांनी पहिली कॅसेट ऐकली आणि म्हणाले, “प्यायलेत दोघं.” मग बाजू पालटून परत लावली.

कॅसेटी दादाने पाठवल्या होत्या. दादा माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. १९९० साली तो एमएस करायला मॅसॅच्युसेट्समध्ये लोवेलला गेला, तेव्हा मी सोलापुरात सहावीत होते. दुसऱ्या वर्षी त्याने नऊशे डॉलरला एक जुनी कोरोला घेतली. घेण्याआधी कार्यक्रमात सांगत तसं त्याने केलं. विकणाऱ्याच्या ओळखीचा नसलेला एखादा मेकॅनिक गाठायचा, पैसे देऊन त्याच्याकडून गाडी तपासून घ्यायची, आणि विकणारा त्याला नाही म्हणाला तर तिथूनच मागे फिरायचं. दादाने कार्यक्रमाला फोनही केला होता. तिथे फोन थेट लागत नसे, प्रश्न रेकॉर्ड करून ठेवावा लागे आणि निर्माते निवडतील त्यांना उलट फोन येई. दादाला आला नाही. “माझा ॲक्सेंट ऐकून ठेवून दिला असेल,” असं तो तेव्हा पत्रात लिहायचा. आता म्हणतो प्रश्नच कंटाळवाणा होता. काय प्रश्न होता ते मात्र त्याने कधी सांगितलेलं नाही.

ओळखीचं कुणी सोलापूरकडे येणार असलं, की तो रविवारी रेडिओवरून भरलेल्या दोन-तीन कॅसेटी त्याच्या बॅगेत घालून द्यायचा. पत्रात लिहायला त्याच्याकडे फारसं काही नसावं, किंवा असलेलं लिहायचं नसावं. मला त्यातलं अवाक्षर कळत नव्हतं. बाबा जिल्हा परिषदेत नोकरीला. इंग्रजी फाइलीतलं उत्तम, ऐकायचं यथातथा. तरी ते टॉम हसला की हसायचे, एका सेकंदाच्या अंतराने. हसण्याला भाषा लागत नाही असं म्हणतात ते मला पटत नाही. बाबांचं हसणं भाषांतरच होतं, फक्त मूळ मजकूर वगळून केलेलं.

मी पुढे तौलनिक साहित्यात एम.ए. केलं, लग्न होऊन हैदराबादला आले, अनुवादक झाले. गेली काही वर्षं अनुवादाच्या छोट्या कार्यशाळा घेते. तेलुगू, बंगाली, हिंदी, मराठी असे आठ-दहा जण जमतात. कवितेचा अनुवाद शिकवून कंटाळा आला तेव्हा एकदा मी त्यांना ‘कार टॉक’ची वीस मिनिटं दिली. प्रत्येकाने आपापल्या भाषेत आणायची.

पहिला खड्डा नावातच. दोघे भाऊ स्वतःला ‘क्लिक आणि क्लॅक, टॅपेट ब्रदर्स’ म्हणवत. टॅपेट म्हणजे इंजिनच्या व्हॉल्व्हना उघडझाप करायला लावणारा भाग. त्यातली फट वाढली की तो खटखट वाजतो. आपल्याकडच्या कुठल्याही गॅरेजात “टॅपेट वाजतायत” हे वाक्य ऐकू येईल, तेव्हा टॅपेटला हात लावायची गरज नव्हती. मी ‘खटखट आणि खडखड, टॅपेट बंधू’ केलं. ‘बंधू’ म्हटल्याबरोबर ते मिठाईचं दुकान झालं. वाईट नाही.

त्यांच्या कचेरीचं नाव आणखी वाईट. हार्वर्ड स्क्वेअरमधल्या एका इमारतीच्या खिडकीवर त्यांनी वकिलांच्या फर्मची पाटी रंगवून घेतली होती: ड्यूई, चीटहॅम अँड हाऊ. २००९ साली दादाकडे गेले होते तेव्हा मी ती खालून मान वर करून पाहिली. तीन भारदस्त आडनावं, भरभर म्हटली की अर्थ निघतो, ‘आम्ही फसवतो का? म्हणजे काय!’ मराठीत खरीखुरी आडनावंच इतकी मदत करतात, की कुणाला वाटेल काम सोपं आहे. खोटे आहेत, बुडवे आहेत. ‘खोटे, बुडवे आणि मंडळी’ असं मी फळ्यावर लिहिलं. सगळे हसले, पण हा तो विनोद नव्हे. तिथे आडनावं निष्पाप आहेत आणि वाक्य गुन्हेगार. माझ्याकडे उलट झालं. शेवटी ‘हातोहात, फसवणीकर अँड सन्स’वर थांबले. ‘हातोहात’ हे आडनाव नाही हे मला माहीत आहे.

उलट काही गोष्टी आपोआप आल्या. कार्यक्रमाच्या शेवटी ते काल्पनिक कर्मचाऱ्यांची यादी वाचत, त्यात त्यांचा रशियन ड्रायव्हर असे, पिकप अँड्रोपोव्ह. अमेरिकनांना हे कळायला क्षणभर लागत असेल. आमच्या हैदराबादेत दर दुसऱ्या गाडीच्या काचेवर ‘पिकप-ड्रॉप’ लिहिलेलं असतं. तेलुगू, बंगाली, मराठी, चारी कोपऱ्यांत एकाच वेळी हशा पिकला. अनुवाद शून्य.

पण खरी मौज पुढे होती. या कार्यक्रमाचा आत्मा म्हणजे आवाज. फोन करणाऱ्याला गाडीचा आवाज तोंडाने काढून दाखवावा लागे. वकील, प्राध्यापक, नन, सगळे देशासमोर ‘व्हूंऽ’ आणि ‘चकचकचक’ करत. १९९७ साली एकाने फोन करून सांगितलं, की त्याचं सरकारी वाहन सुटताना पहिली दोन मिनिटं फार थडथडतं, मग गुळगुळीत चालतं आणि साडेआठ मिनिटांनी इंजिन बंदच पडतं. भावांना हळूहळू उलगडलं, की बोलणारा माणूस जॉन ग्रन्सफेल्ड हा अंतराळवीर आहे आणि ‘अटलांटिस’ शटलमधून पृथ्वीभोवती फिरता फिरता बोलतोय.

इंग्रजीत हे आवाज बोलणाऱ्याला तिथल्या तिथे घडवावे लागतात. आपल्याकडे ते शब्दकोशात तयार असतात. कार्यशाळेत एका वाजणाऱ्या दरवाजाच्या बिजागरीसाठी बंगालीने ‘क्याँचक्याँच’ दिला, तेलुगूने ‘किर्रुकिर्रु’, आणि मी ‘कुरकुर’. यावर वाद झाला. तेलुगूवाला म्हणाला, तुझ्या शब्दात नुसता आवाज नाही, तक्रार पण आहे. खरंच आहे. मराठीत बिजागरी, नवी चप्पल आणि सासू एकाच क्रियापदाने वाजतात. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, आधी काय त्रास व्हायचा? आई म्हणाली, “कुरकुर करायचा.” तिला दोन्ही अर्थ अभिप्रेत होते.

त्याच वीस मिनिटांत आणखी एक फोन होता. मेन राज्यातला म्हातारा, पिकअप ट्रक, चढ आला की इंजिन एक विशिष्ट आवाज काढतं. तो त्याने काढून दाखवला. घशातला, ओलसर, मध्येच थांबणारा. शब्द मला लगेच सापडला, दुसरा असूच शकत नव्हता. घरघर. मी तो लिहिला नाही. ती जागा मोकळी ठेवली आणि सगळ्यांना चहाची सुट्टी दिली.

मराठीत घरघर लागते ती माणसाला, संस्थेला आणि इंजिनला. बाबांना ती २०२२ च्या जूनमध्ये लागली, सोलापुरातल्या घरात, रात्री अडीचपासून पहाटे सव्वापाचपर्यंत. मी उशाशी होते. दादा फोनवर होता, पण व्हिडिओ अडकत होता म्हणून मी आवाज बंद करून ठेवला होता, त्याचा नाही, आमचा. तो दहाव्याला पोचला.

बाबांच्या मागे राहिलेल्या वस्तूंत एक मारुती ८०० होती. १९९५ ची. बाबांनी ती १९९९ साली सेकंडहँड घेतली, पैसे दादाने पाठवलेले. डॉलरमधून आलेली घरातली ती पहिली वस्तू, आणि बाबांनी ती वापरली देवघरातल्या समईसारखी. तेल-पाणी, पुसणं, संध्याकाळी एक फेरी. गाडी त्यांच्या नावावर होती. पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, मग दर पाच वर्षांनी. ती २०१० ला झाली, २०१५ ला झाली, २०२० ला झाली. २०२५ ला पुन्हा आली. २०२२ साली त्याची फी सहाशेवरून पाच हजारांवर गेली होती, आणि गाडी तीन वर्षं अंगणात ताडपत्रीखाली उभी. आई माझ्याकडे हैदराबादला. तिला ८०० मध्ये बसवता येत नाही. सीट इतकी खाली आहे, की बसताना ती पडते आणि उठताना दोघांनी ओढावी लागते. तिला दर पंधरा दिवसांनी फिजिओथेरपीला न्यायचं, दर महिन्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे. आम्हाला उंच सीटची गाडी हवी होती, आणि ती विकून येणारे पंचवीस-तीस हजार सोडायची आमची ऐपत नव्हती असं नाही, पण ती सडत होती.

दादा म्हणाला, विकू नका.

आमचं दर रविवारी बोलणं होतं, त्याच्याकडे सकाळ, माझ्याकडे संध्याकाळ. आधी आई दोन मिनिटं बोलते, मग चाळीस मिनिटं आम्ही. सगळं गाडीवर. बॅटरी काढून ठेवलीस का? टायर जमिनीला टेकलेत का, विटा लावल्यात का? टाकीतलं पेट्रोल उपसलं का? त्याला गाड्यांतलं खरोखर कळतं, पस्तीस वर्षं तो जुन्याच गाड्या घेतो आणि अर्ध्या दुरुस्त्या घरी करतो. मी म्हणायचे, दादा, गाडी विकायचीय. तो म्हणायचा, कार्बोरेटर साफ करून घे आधी.

‘कार टॉक’मध्ये एकदा एक प्रश्न गाजला होता. एखाद्या विषयातलं काही न कळणारी दोन माणसं त्यावर बोलत बसली, तर दोघांना मिळून एकट्यापेक्षा जास्त कळतं की कमी? आम्हा दोघांना विषय कुठला आहे हे कळत होतं आणि त्यावर दोघेही बोलत नव्हतो. आई कुणाकडे राहणार हा प्रश्न मी विचारलेला नाही आणि त्याने सोडवलेला नाही. ती माझ्याकडे राहते. तो पैसे पाठवतो, न चुकता. यात त्याची चूक आहे असं मला म्हणायचं नाही. पण ताडपत्रीखालची गाडी ठेवायची त्याची चैन माझ्या रविवारांवर चालली होती, हे मला म्हणायचं आहे.

आणि ती त्याच्या सहीशिवाय विकता येत नव्हती. मालक वारला असेल तर आरटीओत फॉर्म ३१ भरून गाडी आधी वारसाच्या नावावर करावी लागते. मग ज्याला विकायची त्याच्यासाठी २९ आणि ३०. आईच्या नावावर करायला बाकी वारसांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र मागितलं. माझं मी सोलापुरात दहा मिनिटांत दिलं. दादाचं मसुदा करून पाठवलं. तिकडे नोटरी करायचं, मग बोस्टनला राज्याच्या कचेरीतून त्यावर अपोस्टिल घ्यायचं, मग कुरिअर. मसुदा मीच लिहिला होता, आणि अनुवादकाला असला मजकूर लिहायला देऊ नये. ‘मला सदर वाहनावर कोणताही हक्क, हितसंबंध वा दावा नाही.’ हे वाक्य मी इंग्रजीत केलं, मराठीत केलं आणि पाठवायच्या आधी चार वेळा वाचलं. आठ महिने ते तिकडेच राहिलं. नोटरी सुट्टीवर होता, प्रिंटर बिघडला होता, बर्फ पडलं होतं.

१९५८ साली, म्हणजे टॉम एमआयटीतून बाहेर पडला त्याच वर्षी, आपल्याकडे मोडक्या गाडीवरचे दोन सिनेमे आले. ‘चलती का नाम गाडी’, त्यात गांगुली भावांचं गॅरेज. आणि ऋत्विक घटकांचा ‘अजांत्रिक’, सुबोध घोषांच्या कथेवरचा, त्यात बिमल नावाचा टॅक्सीवाला आणि त्याची जगद्दल नावाची खटारा शेव्हरोले. तौलनिक साहित्यवाल्याला याहून सोपा पेपर मिळत नाही, आणि मी तो विद्यार्थ्यांना दिलाही आहे. एकात गाडी हसवते, एकात रडवते वगैरे. उत्तरात कुणीच लिहीत नाही ती गोष्ट अशी, की बिमलला लोक वेडा म्हणतात कारण तो गाडीशी बोलतो, आणि किशोरकुमारला कुणी म्हणत नाही कारण त्याच्याशी बोलायला भाऊ आहेत. बिमलची गाडी शेवटी भंगारात जाते. दादाने हा सिनेमा पाहिलेला नाही. त्या आठ महिन्यांत मी त्याला दुवा पाठवायचं दोनदा ठरवलं आणि नाही पाठवला. भावाला सिनेमाने मारणं बरं नव्हे.

मग मार्चमधल्या एका रविवारी तो क्लच केबलबद्दल सांगत होता आणि मी मध्येच विचारलं. ठरवून नाही, मॅग्लिओझी बंधू असं विचारायचे, गाडीच्या प्रश्नाला गाडीबाहेरचा प्रश्न. मी म्हटलं, “दादा, तू ती शेवटची चालवलीस कधी?”

तो थांबला. मला वाटलं नेट गेलं.

“मी नाही चालवली कधी,” तो म्हणाला. “मला डावीकडून चालवायला जमत नाही गं आता. बाबाच चालवायचे. स्टेशनवर न्यायला यायचे ना.” मग म्हणाला, “मी आपला शेजारी बसायचो. ते बोलायचे नाहीत गाडी चालवताना. एकदाच बोलले. म्हणाले, तुझे ते दोघे प्यायलेले काय म्हणतात?”

टॉम गेला ३ नोव्हेंबर २०१४ ला, अल्झायमरमुळे, सत्त्याहत्तराव्या वर्षी. नवे भाग २०१२ मध्येच थांबले होते, जुने मात्र लागत राहिले, तेव्हा तो गेल्यावरही दर आठवड्याला तो रेडिओवर हसत होता. काहींना ते विचित्र वाटलं. दादाला वाटलं नाही. टॉमची बातमी कळली त्या दिवशी त्याने बाबांना फोन केला होता हे मला त्या रविवारी पहिल्यांदा कळलं. बाबा म्हणाले होते, थोरला का धाकटा? दादा म्हणाला, थोरला. बाबा म्हणाले, अरेरे, म्हणजे हसणारा.

मी त्याला विचारलं, तुला ऐकायचंय का, जूनमधलं. रात्री काय झालं ते. तो म्हणाला, सांग. मी सांगितलं. आवाज कसा होता तेही सांगितलं, शब्द वापरून. त्याने तो शब्द परत म्हटला, हळू, मेकॅनिक गाडीचा आवाज परत काढून बघतात तसा.

प्रतिज्ञापत्र एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आलं. अपोस्टिलच्या तांबड्या-निळ्या शिक्क्यासकट. लिफाफ्यात बाकी काही नव्हतं.

८०० सोलापुरातल्याच एका कंपाउंडरने घेतली, मुलाला शिकायला. सव्वीस हजार. हैदराबादला आम्ही २०१४ ची वॅगनआर बघितली, दोन लाख साठ हजार. इथे सेकंडहँड घेताना एक जास्तीची काळजी असते. २०२० च्या ऑक्टोबरातल्या पुरात या शहरातल्या असंख्य गाड्या बुडाल्या होत्या, आणि बुडालेली गाडी वाळवून, रंगवून, सुगंधी फवारा मारून बाजारात येते. आमच्या मेकॅनिक चाचांनी आधी ड्रायव्हरच्या बाजूचा सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढला. गाडी पाण्यात असेल तर पट्ट्याच्या आतल्या टोकाला चिखलाची रेघ राहते. सीट धुतात, कारपेट बदलतात, पट्टा शेवटपर्यंत कुणी ओढत नाही. मग मीटरवरचे किलोमीटर आणि ब्रेक पेडलच्या रबराची झीज यांची तुलना. एकोणतीस हजार किलोमीटरच्या गाडीचं रबर गुळगुळीत असेल, तर मीटर मागे फिरवलाय. आमच्या गाडीचे किलोमीटर जास्तच होते. चाचा म्हणाले, “सच्ची है. झूटी गाडी के किलोमीटर हमेशा कम रैते.”

जॉर्ज अकरलॉफने १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक लेख लिहिला. विकणाऱ्याला गाडीचा दोष ठाऊक, घेणाऱ्याला नाही, त्यामुळे चांगल्या गाडीलाही वाइटाचाच भाव मिळतो आणि चांगल्या गाड्या बाजारातून निघून जातात. छापून येण्याआधी तो दोन-तीन नियतकालिकांनी नाकारला होता. २००१ साली अकरलॉफला नोबेल मिळालं. हे मी चाचांना सांगितलं. ते म्हणाले, बरोबर आहे, पण त्या साहेबाने मेकॅनिकला का नाही विचारलं?

भावांचा कार्यक्रम संपायचा तो एकाच वाक्यावर. दोघे आळीपाळीने म्हणत, माझ्या भावासारखी गाडी चालवू नका. हे माझ्या अनुवादात अजून अडलेलं आहे. इंग्रजीत दोघांचं वाक्य एकच, फक्त जोर बदलतो. मराठीत धाकटा थोरल्याला ‘माझा भाऊ’ म्हणणार नाही. रेला म्हणावं लागेल ‘आमच्या दादासारखी’, आणि टॉमला ‘आमच्या धाकट्यासारखी’. त्याबरोबर दोघांमधली बारा वर्षं उघडी पडतात आणि बरोबरीचा विनोद राहत नाही, घर येतं. कार्यशाळेतल्या बंगालीला हीच अडचण, तेलुगूला हीच. हिंदीवाला ‘भाई’वर सुटला आणि फुशारक्या मारत बसला.

वॅगनआर आणली त्या रविवारी दादाने सांगितलं, इंजिन चालू कर आणि फोन बॉनेटजवळ धर. धरला. आई मागच्या सीटवर बसलेली, एकटी चढली होती, हाताशी दार धरून. दादाने मिनिटभर ऐकलं. म्हणाला, “टॅपेट वाजतायत. सेट करून घे.”

सोमवारी चाचांकडे नेली. त्यांनी कान लावला. “टॅपेट नक्को बोलो मॅडम, टॅपेट बराबर है. नीचे सैलेन्सर का पत्रा ढिल्ला है.” एकशेवीस रुपयांची पट्टी लागली, आवाज गेला. दादाला सांगितलेलं नाही. तो दर रविवारी विचारतो, टॅपेट केलेस का, आणि मग त्यावरून सुरू होतं.